घरच्या माणसाची सही

धाकटीनं झोपेतच आईचं मनगट धरलं, दोन बोटं नाडीवर ठेवली आणि डोळे न उघडता म्हणाली, "चार दहा. घरच्यांना बोलवा." सकाळचे साडेदहा वाजले होते. ती दहाला दवाखान्यातून आली, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत टेबलावर डोकं टेकून झोपून गेली. एक चप्पल पायात, एक दाराशी उलटी पडलेली. तिच्या गालाखाली बिस्किटांची ताटली होती, ती हळूच काढून घ्यायला बाई वाकल्या, तर हे असं. मनगट सुटेना. झोपलेल्या माणसाच्या हातात इतका जोर असतो हे बाईंना आजवर माहीत नव्हतं. लॉन्ड्रीवाल्या बाई म्हणून सगळी गल्ली त्यांना ओळखायची. भाडं मागायला आलेला घरमालकसुद्धा आधी खोकून मग बोलायचा. पण त्या घटकेला त्यांना अगदी खरं वाटलं, की आपण मेलो आहोत, आणि ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नाही एवढंच. मग त्यांनी एकेक बोट सोडवलं, लहानपणी हिच्या मुठीतून खडू काढून घ्यायच्या तसं, आणि मनगट स्वतःच चाचपून बघितलं. चालू होतं. बोटांचे चार लाल वळ मात्र उठले होते.

चहावर साय धरली तरी बाई तिथंच उभ्या. लेकीच्या केसांत कापसाचा एक पुंजका अडकला होता. मानेवर औषधांचा, घामाचा आणि कुठल्यातरी बंद खोलीचा वास. हाच वास त्यांनी अडीच वर्षं अभिमानानं घेतला होता. धाकटीचे कपडे बाई मशीनमध्ये टाकायच्या नाहीत, हातानं धुवायच्या, गॅलरीत पुढच्या दोरीवर वाळत घालायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत म्हणून. कुणी विचारलं, नाही विचारलं, तरी सांगायच्या, आमची धाकटी छत्तीस छत्तीस तास उभी असते. ती झोपत नाही म्हणून तुमची माणसं घरी परत येतात. समोरची शेजारीण म्हणायची, अहो पण जेवते कधी. त्यावर बाई अशा काही बघायच्या, की तिला आपण जेवतो याचीच लाज वाटावी. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातले शिकाऊ डॉक्टर संपावर गेले, कामाचे तास ठरवून द्या म्हणून फाटकाबाहेर बसले, तेव्हा धाकटीनं घाबरत घाबरत विचारलं होतं, मी पण बसू का. झोप मिळत नाही म्हणून कुणी रस्त्यावर बसतं का, असं बाईंनी तिला विचारलं होतं. मी सोळा सोळा तास इस्त्री केली, माझ्यासाठी कोण बसलं होतं. धाकटी नाही बसली. दुसरे बसले, आणि नियम आला.

नियम चांगला होता, कागदावर तर फारच. सलग चोवीस तासांच्या वर काम नाही, मग वीस तास घरी विश्रांती. फाटकाशी अंगठ्याचं मशीन बसवलं. चोवीस तास झाले की त्यावर लाल दिवा लागायचा आणि अंगठा लावून बाहेर पडावंच लागायचं. पण आजारी माणसं काही कमी झाली नाहीत आणि डॉक्टर काही वाढले नाहीत. मग ही पोरं करायची काय, तर पुढच्या फाटकाशी अंगठा लावायची, इमारतीला वळसा घालायची आणि स्वयंपाकघराच्या दारानं परत आत. पांढरा कोट तेवढा काढून ठेवायची, कारण कोट म्हणजे ड्यूटी. धाकटी राखाडी स्वेटरवर हिंडायची. पेशंटचे नातेवाईक तिला भेटायला आलेली कुणी समजून पाण्याची बाटली भरून आणायला सांगायचे, आणि ती आणून द्यायची. हे सगळं ती पहिल्या पहिल्यांदा हसत सांगायची, आणि बाईही हसायच्या. दवाखान्यालाही धाकधूक होती, म्हणून त्यांनी एक कागद काढला: अमुक डॉक्टरनं अमुक वेळी घरी विश्रांती घेतली, खाली घरच्या माणसाची सही. दर शनिवारी द्यायचा.

सही ही बाईंची दुखरी आणि लाडकी गोष्ट. शाळा तिसरीत सुटलेली. वाचायच्या त्या बोट फिरवत, ओठ हलवत, आणि कुणी बघत नसेल तरच. चाळिशीपर्यंत अंगठा उठवला. मग नऊ वर्षांच्या धाकटीनं कॅलेंडरच्या पाठीमागे गिरवून गिरवून त्यांना सही शिकवली. शेवटच्या अक्षराला खाली लांब शेपूट द्यायचं हे त्यांचं स्वतःचं. अजूनही सही करायची म्हटली की त्या आधी हात धुवायच्या. धाकटी शनिवारी कधी घरी नसायचीच, म्हणून तिनं एका दुपारी कागदांचा गठ्ठाच आणून ठेवला. सव्वीस होते. बाईंनी याच टेबलावर बसून सव्वीस वेळा नाव लिहिलं, शेपटासकट, आणि शेवटच्या दहांत हात चांगला वळला म्हणून सुनेला दाखवलेही. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. वर तारखेची आणि तासांची जागा मोकळी होती, त्यात वाचायचं काय.

धाकटीच्या पिशवीतला फोन वाजायला लागला, थांबला, परत वाजायला लागला. ती हलली नाही. बाईंनी पिशवीत हात घातला. एक सफरचंद लागलं, वाळून सुरकुतलेलं, आठवड्यापूर्वी त्यांनीच दिलेलं. फोनवर वरच्या वर्षाची डॉक्टर होती. तिचा आवाज इतका गोड होता की बाईंनी लगेच कान टवकारले. लॉन्ड्रीत इतकं गोड तेच बोलायचे, ज्यांना कपडे उधारीवर न्यायचे असत. काकू, तिला उठवू नका, झोपू दे बिचारीला, फक्त एक लक्षात ठेवा, कार्यालयातून कुणी विचारलंच तर सही तुमची आहे आणि ती काल संध्याकाळी सहापासून घरीच आहे, एवढं सांगायचं. बाई म्हणाल्या, ती तर आत्ता आली. हो काकू, पण मशीनवर ती काल सहाला बाहेर पडलीय ना. मग बाईंनी विचारलं, चार दहाला काय झालं होतं. हा प्रश्न आपण कुठून काढला हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही, तोंडातून गेला. एक आजोबा गेले, ती म्हणाली. रात्रीच्या सिस्टरनं इन्शुलिन जास्त दिलं. आज पाच वाजता मोठ्या सरांसमोर सिस्टरची चौकशी आहे. तुम्ही काळजी करू नका, आपल्या पोरीचं नाव कुठंच येत नाही.

आपल्या पोरीचं. बाई फोन हातात धरून उभ्या राहिल्या. नाव कुठंच येत नाही म्हणजे बरंच झालं की. असं मनात आलं, आणि ज्या सहजपणे आलं त्याचीच त्यांना भीती वाटली. आतल्या खोलीतून सुनेचा आवाज येत होता. ती घरी बसून कुठल्याशा कंपनीचे फोन घ्यायची. लोकांच्या बिघडलेल्या धुलाईयंत्रांची दिवसभर इतकी आपुलकीनं चौकशी करायची, की यातला चमचाभर तरी गोडवा सासूच्या वाट्याला का येत नाही, असं बाई थोरल्याला ऐकवायच्या. आता त्या तिच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. सुनेनं कानावरचा हेडफोन काढला. बाईंनी विचारलं, त्या गठ्ठ्यावर वर काय लिहिलं होतं गं, तू वाचलं होतंस ना. सुनेनं आधी त्यांच्या मनगटावरचे वळ बघितले. मी तेव्हाच म्हणाले होते तुम्हाला, ती म्हणाली, कोरे कागद आहेत म्हणून. तुम्ही म्हणालात, तुला माझी सही बघवत नाही. बाईंना आठवलं. हेच शब्द होते. इतर वेळी त्यांनी यावर चार शब्द जास्तच सुनावले असते, आज मात्र त्या मागे फिरल्या.

त्या परत येऊन लेकीसमोर बसल्या. धाकटीच्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे पळत होती, झोपेतही कुणाला तरी शोधत असल्यासारखी. बाईंना लॉन्ड्रीतली उंच बाई आठवली. आठवायची नव्हती. पंधरा वर्षं त्यांनी तिला मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं, पण आज कडी निघाली. ती उंच होती म्हणून उंच बाई, दुसरं काही नाव असलं तर बाईंनी कधी घेतलं नाही. इस्त्री हाताखाली अशी चालवायची की कापडालाही बरं वाटावं. थोरल्याची परीक्षा, धाकटीचा ताप, सलग तिसरा दिवस, आणि कुणाचा तरी लग्नाचा कोट संध्याकाळी द्यायचा. दुपारी तीनला बाई इस्त्रीसमोर उभ्या उभ्या झोपल्या. किती वेळ, दोन श्वास असतील. जळल्याच्या वासानं जाग आली तेव्हा कोटाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं काळं भोक होतं. उंच बाई जेवायला गेली होती. कोटवाला आला, आवाज चढला, आणि बाईंनी बोट दाखवलं. हिनं केलं. उंच बाई हात पुसत दारात उभी होती. ती एक अक्षर बोलली नाही. बोलून काय होणार हे तिला बाईंपेक्षा आधी कळलं होतं. तिनं एप्रन काढला, घडी घातली, अगदी चौकोनी, आणि टेबलावर ठेवून गेली. ती घडी बाईंनी कितीतरी दिवस उलगडली नव्हती. स्वतःला सांगायच्या, दोन लेकरं होती माझी, दुकान बुडालं असतं. खरंच बुडालं असतं. ते खोटं नव्हतं, म्हणूनच तर इतकी वर्षं टिकलं.

साडेबाराला धाकटी आपण होऊन उठली, कुणीतरी हाक मारल्यासारखी ताडकन. आधी फोन शोधला, मग गालावरचा ताटलीचा ठसा चोळला. बाईंनी तिच्यापुढे गरम भात आणि अंडं ठेवलं. ती जेवायला लागली ते नुसतं तोंड हलवत. बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या, तरी तिचं अर्धं ताट संपेपर्यंत बसल्या.

"सिस्टरनं जास्त दिलं म्हणे."

घास तोंडाशीच थांबला. "मी सांगितलं तेवढंच दिलं."

"किती सांगितलंस?"

"चाळीस. चार सांगायचे होते." ती ताटाकडे बघत बोलत होती. "मला ऐकू आलं गं, मीच चाळीस म्हणतेय ते. वाटलं, बरोबर असेल."

मग तिनं सांगितलं, तुटक तुटक, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं. सहानंतर ती तिथं नसते, म्हणून सहानंतर कागदावर तिचं अक्षर चालत नाही. ती तोंडी सांगते आणि सिस्टर आपल्या हातानं लिहिते, सगळ्याच सिस्टर लिहितात, नाहीतर रात्र सरणार कशी. दीड वाजता तिनं आकडा सांगितला. सिस्टरही दुसरी पाळी करत होती. तिनं एकदा वर बघितलं, चाळीस का, असं नुसतं डोळ्यांनी विचारलं, आणि धाकटीनं मान हलवली. चारला आजोबांची सून ओरडली. हातपाय गार होते. दहा मिनिटं धाकटीनं छाती दाबली, राखाडी स्वेटरमध्ये. सून तिला मागे ओढत होती, तुम्ही कोण, डॉक्टरला बोलवा, डॉक्टरला बोलवा.

"मग सांग की तसं त्यांना," बाई म्हणाल्या.

"कुठून सांगू? मी तिथं नव्हतेच ना. तू सही केलीयस."

हे ती रागानं म्हणाली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. पण ती तापाचा आकडा सांगावा तसं बोलली. आणि परत ताटाकडे वळली. मी तिथं होते म्हटलं की नियम मी मोडला, तिनं सांगितलं. मोठे सर म्हणणार, आम्ही तर घरी पाठवलं होतं, ही लपून आली. वर्ष बाद. मग आजोबांचं प्रकरण माझ्यावर, मग पुढं डॉक्टरकी राहील की नाही तेही माहीत नाही. नव्हते म्हटलं की सिस्टर. तिची तीन वर्षं राहिलीत नोकरीची. ती सकाळी मला म्हणाली, तुम्ही घरी जा मॅडम, तोंड धुवा. एवढं सांगून धाकटी उठली, ताट धुवायला गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. बाईंनी जाऊन नळ बंद केला. दाराशी चप्पल घालताना धाकटी म्हणाली, "आई, तू यात पडू नकोस. दीड वर्षच राहिलंय." आणि जिना उतरून गेली, कठड्याला धरून, म्हाताऱ्या माणसासारखी एकेक पायरी.

दीड वर्ष. बाई गॅलरीत गेल्या. दोरीवर कालचे कपडे वाळून कडक झाले होते. आपण डॉक्टरची आई आहोत ही गोष्ट त्यांनी अंगावर चढवली होती ती काढून ठेवली तर आत काय उरतं, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. लॉन्ड्री विकली, नवरा तर केव्हाच गेला, थोरला दिसतो तो जेवताना. गल्लीतली माणसं उठून खुर्ची देतात ती कुणाला देतात. वर्ष बाद झालं तर समोरची विचारेल, आणि जेवते का आता, असं विचारेल, अगदी प्रेमानं. बाईंचा चेहरा तापला. गप्प बसायचं, एवढंच तर काम होतं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गप्प बसायला सांगत होतं आणि त्यात फायदाही होता. त्या आत आल्या, परत बाहेर गेल्या, परत आत. दोन खोल्या आणि एक गॅलरी, कुठंही उभं राहिलं तरी टेबल दिसायचंच, सव्वीस सह्यांचं. हात धुतले. का धुतले ते कळलं नाही. मग पुसले, बाहेरचे कपडे केले, आणि सुनेला फक्त, येते, असं म्हणाल्या. सून कानावरचा हेडफोन काढून उभी राहिली, पण कुठं निघालात असं तिनं विचारलं नाही. रिक्षाला सुटे आहेत का, एवढं विचारलं, आणि स्वतःच्या पाकिटातून काढून दिले.

दवाखान्याचा व्हरांडा लांब होता आणि दोन्ही बाजूंनी बाकं. कार्यालयाच्या खिडकीत एक कारकून बसला होता, बारीक मानेचा, आदबशीर. बाईंनी सांगितलं, सही माझी आहे पण मुलगी काल रात्री घरी नव्हती. त्यानं शांतपणे फाईल काढली, कागद फिरवून त्यांच्यापुढं धरला. वर कुणीतरी टाईप केलं होतं: बुधवार संध्याकाळ सहा ते गुरुवार दुपार दोन. खाली त्यांची सही. शेपूट छान आलं होतं.

"आजी, ही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग झालं तर. घरीच होती."

बाई म्हणाल्या, मी तोंडानं सांगतेय ना तुला. कारकून हसला, वाईट नाही हसला. तोंडी मला घेता येत नाही, जबाब लिहून घेणारे साहेब जेवायला गेलेत, तीनला येतील, हा नंबर घ्या आणि बसा. त्याच्या आवाजात कंटाळा होता आणि थोडी दयाही. या आजी बसून कंटाळतील आणि जातील अशी त्याची खात्री होती. नंबर एकतीस. बाई बसल्या. शेजारी एक माणूस पायाचं प्लॅस्टर खाजवायला फूटपट्टी आत सारत होता. पलीकडच्या दारातून चाकांच्या खाटा जात येत होत्या. भिंतीवर त्याच नियमाची पाटी होती. बाईंनी बोट न फिरवता, नुसत्या डोळ्यांनी वाचायला घेतली, आणि विश्रांती या शब्दापाशी अडकल्या. किती वेळ अडकल्या कुणास ठाऊक. तीन वाजून गेले. उठावं, असं चार वेळा मनात आलं. पाचाच्या आत नंबर नाही आला तर आपली काय चूक, असंही आलं, आणि तो विचार इतका मऊ होता की बाईंनी त्यावर जरा टेकूनही बघितलं. खिडकीपलीकडे एक बाई पाठमोरी उभी होती, सिस्टरच्या कपड्यांत, हातात बंद पाकीट. उंच नव्हती, बुटकीच होती. मान मात्र तशीच सरळ.

साडेचारला धाकटी व्हरांड्यातून आली. आता अंगावर पांढरा कोट होता. आधी ती सरळ पुढं गेली, मग थांबली, मागे फिरली आणि आईसमोर उभी राहिली. आईच्या हातातला नंबर तिनं बघितला. खिडकीकडे बघितलं, त्या पाठमोऱ्या सिस्टरकडेही. बाईंनी तयारी केली होती, ती काय काय बोलेल आणि आपण काय काय म्हणू याची. सगळी उत्तरं धार लावून ठेवली होती. धाकटीनं प्लॅस्टरवाल्याला जरा सरकायला सांगितलं, आईच्या शेजारी बसली, डोकं आईच्या खांद्यावर ठेवलं आणि तिसऱ्या श्वासाला झोपली. तिच्या डोक्याचं वजन बाईंना आठवत होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त होतं. हाड हाडाला रुतत होतं. हिला कळलंय आपण कशासाठी बसलोय ते. कळूनच बसली, की काही कळायच्या पलीकडे गेलीय म्हणून बसली, हे विचारायला आता कुणी जागं नव्हतं. बाईंनी खांदा ताठ धरला. मानेशी गरम श्वास लागत होता, लहान मुलांचा असतो तसा आंबूस.

"एकतीस," खिडकीतून साहेबांनी पुकारलं. बाईंनी हात वर केला. "एकतीस नंबर, खिडकीशी या."

उठायचं म्हणजे हे डोकं खाली ठेवायचं. चाळीस तासांनंतर मिळालेले झोपेचे हे दोन तुकडे. बाईंनी डाव्या हातानं चाचपून बघितलं, कुठं टेकवता येईल का. बाक लोखंडी होता. साहेबांनी तिसऱ्यांदा नंबर पुकारला आणि नजर बत्तीसकडे वळवली. बत्तीसवाला प्लॅस्टर सावरत उठायला लागला.

"बसा हो तुम्ही," बाई त्याला म्हणाल्या. मग त्यांनी आवाज लावला, लॉन्ड्रीच्या आतून रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारायचा तो, बारा वर्षांत न वापरलेला. "साहेब, मला उठता येत नाही. मी इथूनच सांगते, तुम्ही लिहून घ्या. बुधवारी रात्री माझी मुलगी घरी नव्हती. ती इथं होती, तुमच्या वॉर्डात, आज सकाळपर्यंत. औषधाचा आकडा तिनं सांगितला. सिस्टरनं फक्त लिहिला. आणि तुमच्याकडं माझ्या सह्यांचे सव्वीस कागद आहेत, त्या सगळ्या मी कागद कोरे असताना केल्यात."

व्हरांड्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. खाट ढकलणारा थांबला. पाठमोरी सिस्टर वळली. साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण हलत नव्हतं.

"लिहा," बाई म्हणाल्या. "हळू सांगते हवं तर."

एवढ्या आवाजातही धाकटी हलली नाही.